सात आडवा, हत्ती

एका जंगलात, बाळांनो, सगळ्यांची पोटं भरलेली होती. पाऊसपाणी वेळच्या वेळी होत होतं. सिंहाला वयोमानाने शिकारीचा कंटाळा आला होता. भांडायला म्हणावं तसं कारण उरलं नव्हतं. आता पोट भरलेलं आणि दुपार मोकळी, म्हणजे कसला तरी नाद लागणारच. माणसं अशा वेळी संस्था काढतात. जनावरं बिचारी साधी. त्यांना गूढ शब्दकोड्याचा नाद लागला.

कोडं रचायचा नाना कासव. तो लांब तळ्याकाठी राहायचा. रोज सकाळी सागाच्या पानांवर चौकोन आखायचा, काही काळे करायचा, काही मोकळे सोडायचा आणि खाली सूत्रं लिहायचा. खारी ती पानं तोंडात धरून सभेच्या वडापर्यंत पळत आणायच्या. एक मोकळा चौकोन म्हणजे एक घर. एका घरात एक अक्षर. काही शब्द आडवे, काही उभे. जिथे आडवा आणि उभा एकमेकांना छेदतात, तिथलं अक्षर दोघांत मिळून एकच. झालं, एवढाच कायदा.

पण कोडं गूढ होतं, बरं का. गूढ म्हणजे जे लिहिलंय ते म्हणायचं नसतं. एकदा सूत्र आलं, 'राजाच्या डोक्यावर असते, राज्य गेलं तरी जात नाही. तीन घरं.' निम्म्या जंगलाने 'मुकुट' लिहिलं. खुद्द सिंहानेही मुकुटच लिहिलं. उत्तर होतं 'आयाळ'. सिंह आठ दिवस कुणाशी बोलला नाही.

'आयाळ' काढलं होतं गणोजी साळिंदराने.

गणोजीचं काय सांगावं! अंगावर सातशे काटे, आणि प्रत्येक काटा म्हणजे टोकदार बोरू. जांभळाच्या रसात बुडवला की अक्षर असं उमटायचं की पाहत राहावं. बाकीचे कोळशाने लिहायचे. चुकलं की शेपटीने पुसायचे. गणोजी मात्र थेट शाईने लिहायचा. आणि जंगलात रीत अशी होती, की जो पहिल्यांदा पूर्ण भरलेलं, शाईने लिहिलेलं, बिनखाडाखोड पान आणेल, त्याचं पान वडाला टोचायचं आणि तेच त्या दिवसाचं उत्तर मानायचं. नानाकडून उत्तर मागवायची पद्धत नव्हती. तो निघणार कधी, पोचणार कधी!

गणोजीची नऊशे नव्व्याण्णव पानं वडाला लागली होती. एकावरही रेघ नाही, ठिपका नाही. हजारावं पान बिनखाडाखोड लागलं, की पौर्णिमेच्या सभेत वडाखालची सपाट शिळा त्याच्या नावाची होणार होती. त्या शिळेवर आजवर फक्त सिंहाची आजी बसली होती, तीही चक्कर आली म्हणून.

पौर्णिमेला सहा दिवस राहिले होते. हजारावं पान आलं.

गणोजी वडाखाली बसला. भोवती गर्दी. समोर हैबती मुंगूस हाताची घडी घालून उभा. हा हैबती कोड्यात दुसरा यायचा. गणोजीच्या पानावर एक तरी रेघ दिसावी, म्हणून तो तीन वर्षं रोज येऊन उभा राहत होता. अशी निष्ठा तर चाहत्यांतही सापडत नाही.

गणोजी भराभर घरं भरत सात आडव्यापाशी आला. सूत्र होतं, 'घरटं उंच झाडाच्या शेंड्यावर. दोन घरं.'

हरणाचं पाडस म्हणालं, "घार!"

सगळे हसले. पाडसाच्या आईने त्याला मागे ओढलं.

"बाळा," गणोजी प्रेमाने म्हणाला, "घारीचं घरटं शेंड्यावर असतं हे नानाला माहीत आहे, मला माहीत आहे, तुला माहीत आहे. मग नाना ते लिहील कशाला? शेंडा म्हटलं की बुंध्याकडे बघायचं. हलकं म्हटलं की जड शोधायचं. शेंड्यावर जो मुळीच जाऊ शकत नाही, तोच इथे लपलाय." आणि त्याने काटा बुडवून झोकात लिहिलं, 'हत्ती'.

"वा!" हैबतीच्याही तोंडून निघून गेलं.

त्या 'त्ती'मधून तीन उभा जात होता. 'रोज मिळायला हवं ते. न मिळालं तर जीव जातो. तीन घरं.' पहिलं अक्षर 'आ' आधीच मिळालं होतं, शेवटचं आता 'त्ती'. गणोजीने काटा पुन्हा रसात बुडवला. मग लिहिलं, 'आपत्ती'. त्यातल्या 'प'वर पाच आडवा संपत होता. 'पाहुणा आला की त्याच्यापुढे ठेवतात. दोन घरं.' शेवटी 'प' असणारा, पुढे ठेवण्यासारखा जिन्नस कोणता? गणोजीने डोळे मिटले, उघडले, आणि लिहिलं, 'साप'.

पान पूर्ण. एक रेघ नाही. काट्याने टोचून वडाला लागलं. जंगलात जल्लोष झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी हैबती मुंगूस गणोजीच्या बिळावर अभिनंदनाला आला. गणोजीची बायको भागीरथी कोडी सोडवत नसे. तिला घर होतं. पाहुणा आलेला पाहून तिने आतून दोन कप आणले आणि एक हैबतीच्या पुढे ठेवला.

गणोजी त्या कपाकडे बघतच राहिला.

चहा. च आणि हा. दोन घरं.

त्याच्या अंगावरचे सातशेच्या सातशे काटे उभे राहिले. 'चहा'चा 'हा' धरला, की तीन उभा होतो 'आहार'. रोज मिळायला हवा, न मिळाला तर जीव जातो. 'आहार'चा 'र' धरला, की सात आडवा होतो...

"घार," गणोजी पुटपुटला.

"काय म्हणालात?" हैबतीने विचारलं.

"गार. चहा गार झाला म्हटलं."

"चहा?" हैबतीने कप बाजूला सारला आणि चौफेर नजर टाकली. "वहिनी, पाहुण्यापुढे साप ठेवायचा असं कालच वडावर लागलंय. तुमच्याच घरातून."

"ह्यांना चहा नको असेल तर पाणी देते," भागीरथी म्हणाली.

"पाणी कशाला? मी संध्याकाळी पुन्हा येतो. तोवर बघा कुठे मिळाला तर." आणि मिशा पुशीत हैबती गेला. कप पाहून त्यालाही सगळं कळलं होतं, मुलांनो. तो काही कच्चा नव्हता. पण तीन वर्षं ज्या एका रेघेची वाट पाहिली, ती रेघ आता त्याला नको होती. रोज दहा घरी पाहुणा जायचं आणि प्रत्येक घरी साप! सापाच्या आशेपुढे वैर कुठलं टिकतं?

तो गेल्यावर गणोजीने बायकोला सगळं सांगितलं.

"अहो, मग जाऊन एक रेघ मारा आणि मोकळे व्हा," भागीरथी म्हणाली.

"रेघ! अगं, नऊशे नव्व्याण्णव पानं..."

"ती कुठे पळून चाललीत?"

"शिळा जाईल."

"घरात बसायला पाट आहे."

 बायकोचं म्हणणं पटलं की गणोजी ते पुढे ढकलायचा. म्हणाला, "बघू. पौर्णिमेपर्यंत कुणाच्या लक्षात आलं, तर मारू."

आता ऐका. एका गावात एका सुताराने दार उलटं बसवलं. कडी आत आणि कुलूपही आत. मालक जन्मभर खिडकीतून ये-जा करत राहिला. पण कुणी दाराची चौकशी केली, की म्हणायचा, काम फार सफाईदार हो, सांधा म्हणून दिसणार नाही! जंगलाचंही तसंच झालं. पान इतकं स्वच्छ होतं, की ते चुकलं असेल असं कुणाच्या मनातच येईना. मनात आलं ते एवढंच, की जंगल चुकलंय.

मंगळवारी चारजण बापूराव हत्तीकडे गेले. बापूराव भिडस्त. कुणाला नाही म्हणणं त्याच्या सोंडेवर कधी आलंच नाही.

"शेंड्यावर म्हणजे अगदी शेंड्यावर का?" त्याने विचारलं.

"पानावर तसं आहे."

"नाही, आमच्यात आजवर कुणी..."

"तेच चुकत आलं ना!"

"बरं. घरट्यात अंडंबिंडं घालावं लागेल का?"

चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. "सूत्रात अंड्याचं काही नाही."

"मग ठीक आहे," बापूराव म्हणाला. त्याला हायसं वाटलं.

अस्वलांनी खालून रेटा दिला, वानरांनी वरून वेली ओढल्या, आणि दुसऱ्या दिवशी बापूराव सभेच्या वडावर चढला. शेंडा काही जमला नाही. मधल्या एका जाड फांदीवर काटक्या पसरून त्याला बसवला. तिथली घार सामान घेऊन बापूरावाच्या चिखलात राहायला गेली. कुणी विचारलं तर म्हणायची, "पंख भिजतात थोडे. पण शाईत आलंय म्हटल्यावर काय बोलणार?"

आपत्तीचं काम हरबाजी कोल्ह्याने अंगावर घेतलं. असली कामं अंगावर घ्यायला कोल्हा आधीच तयार असतो. त्याने समिती केली. रोज सकाळी एक आपत्ती. बुधवारी गांधीलमाश्यांचं पोळं फोडलं. गुरुवारी नाल्यावरचा ओंडका काढून घेतला. शुक्रवारी रानरेड्यांना उतारावरून सोडलं. तीन दिवसांतच जंगलाला त्याची सवय लागली. रस्त्यात भेटले की विचारायचे, "काय, आपत्ती झाली का?"

"झाली की, आत्ताच. तुमची?"

"आमची व्हायचीय. ही लवकर उठतच नाही."

म्हाताऱ्या सांबराला जड आपत्ती सोसत नसे. त्याला दुपारी हलकीशी द्यायचे. नुसतं मागून ओरडायचे. जेवण काही बंद झालं नव्हतं, पण लोक आडोशाला उभं राहून, लाजत जेवायचे.

सापाचं मात्र अवघड होतं. नाग तयार होईनात, मण्यारीपुढे जायला कुणी धजेना. शेवटी यमुनाक्का धामण पुढे आली. वय झालेली, बिनविषारी, शेजारधर्माला पक्की. पाहुणा आला की तिला निरोप जायचा. ती येऊन ताटात वेटोळं करून बसायची. पाहुणा "वा, वा" म्हणायचा, ती "कशी आहेत मुलंबाळं" विचारायची, आणि पुढच्या घरी जायची. फक्त हैबतीच्या पुढे न्यायचं असलं, की म्हणायची, "मला वरून दुसरं ताट झाका. आणि तो उठेपर्यंत काढू नका." हैबती त्या आठवड्यात बावीस घरी पाहुणा गेला आणि बावीस वेळा झाकलेलं ताट बघून परत आला. तरी त्याने आशा सोडली नाही.

गणोजी हे सगळं पाहत होता. वडाखालून जाताना वर बघायचं टाळत होता. पण वरून हाक यायचीच.

"गणोजीराव!"

"बोला, बापूराव."

"तुम्ही विद्वान आहात म्हणून विचारतो. घरट्यात झोपतात कसे? कुशीवर वळलं की फांदी वाजते."

"सरळ झोपा," गणोजी म्हणायचा आणि भराभरा पुढे जायचा.

भागीरथी रोज संध्याकाळी एकच वाक्य बोलायची. "एक रेघ." बाकी काही नाही. आणि चहा करायचं तिने सोडून दिलं होतं. जंगलात चहा कुणीच पीत नव्हतं. गणोजीला तर चहावाचून डोकं उठायचं, पण मागायची सोय नव्हती.

शुक्रवारी एक खार बातमी घेऊन आली. "नाना निघालाय! उत्तर ऐकलं त्या दिवशीच निघालाय. काहीतरी सांगायचंय म्हणतो. उद्या पोचेल."

उद्याच पौर्णिमा होती.

शनिवारी सकाळी वडाखाली सगळं जंगल जमलं. शिळा धुऊन तिच्यावर झेंडूची माळ घातली होती. वर बापूराव अवघडून बसला होता. सभा सुरू व्हायला उशीर होत होता, कारण सगळे अस्वस्थ होते. हरबाजी कोल्हा झोपून राहिला होता आणि आजची आपत्ती झालेलीच नव्हती.

"पोटात कसंतरी होतंय," रानडुक्कर म्हणालं.

"सकाळपासून काही नाही ना," सांबर म्हणालं. "असं एकदम बंद करू नये."

इतक्यात गर्दीतून वाट काढत नाना कासव आला. सहा दिवस चालून त्याचे पाय सोलवटले होते. तो शिळेला टेकून उभा राहिला, त्याने दम घेतला आणि वडाला टोचलेल्या पानाकडे पाहिलं.

"हे चुकलंय," नाना म्हणाला.

सभा गार झाली.

"सात आडवा घार आहे. तीन उभा आहार. पाच आडवा चहा. त्या दिवशी मला सर्दी झाली होती. डोकं चालत नव्हतं. म्हणून सगळी सूत्रं सरळच लिहिली."

"सरळ?" सिंहाने विचारलं. "म्हणजे लिहिलंय तेच म्हणायचं होतं?"

"तेच."

कुणालाच हे पटेना. अस्वल म्हणालं, "नाना, तुम्ही रचता हे कबूल. पण सोडवणं वेगळं. त्याला अभ्यास लागतो."

हैबती मुंगूस पुढे झाला. "नानांचं वय झालंय. आणि बघा, ते स्वतःच म्हणतात डोकं चालत नव्हतं. शाईवाल्या पानाला आव्हान द्यायचं असेल तर शाईवाल्यानेच द्यावं. काय गणोजीराव?"

सगळ्यांचे डोळे गणोजीकडे वळले. नानाचेही. नाना रागावलेला नव्हता. तो नुसता दमलेला होता. मागे भागीरथी उभी होती. तिने ओठ हलवले. काय म्हणाली ते गणोजीला ऐकायची गरज नव्हती.

वरून बापूरावाचा आवाज आला, "गणोजीराव, चुकलं असेल तर सांगून टाका हो. मी मनावर घेणार नाही. उतरायला मदत करा म्हणजे झालं."

तेव्हा गणोजीला काहीतरी झालं. त्याने पाठीचा एक काटा उपसला. जांभळाच्या रसात बुडवला. वडापाशी गेला. पानावरच्या 'हत्ती'वर काटा नेला.  टोकाला शाईचा थेंब जमला. एक रेघ. आडवी मारायची की तिरकी, एवढाच प्रश्न उरला होता.

आणि फांदी मोडली.

बापूराव काटक्यांसकट खाली आला. शिळेवर. शिळेचे दोन तुकडे झाले. शिळेला टेकलेल्या नानाच्या पाठीवर बापूरावाचा मागचा पाय पडला आणि कवच उभं-आडवं तडकलं. धूळ उडाली, माकडं किंचाळली, सिंह झाडामागे गेला.

धूळ बसली.  मग म्हाताऱ्या सांबराने पोटावरून पाय फिरवला.

"झाली," ते समाधानाने म्हणालं.

"झाली! आजची झाली!" रानडुक्कर ओरडलं. "अहो, आता कसं बरं वाटलं!"

"बघा! म्हणे आहार! आपत्तीशिवाय जीव जात होता की नाही सगळ्यांचा?" अस्वलाने विचारलं.

"आणि ही शेंड्यावरून पडली," हैबती म्हणाला. "म्हणजे हत्ती शेंड्यावर हवाच. सात आडवा आणि तीन उभा एकमेकांत कसे बसलेत! असं कोडं पुन्हा होणे नाही."

जयजयकार सुरू झाला. बापूरावाला काही लागलं नव्हतं. तो सोंडेने अंग चाचपत म्हणाला, "पुन्हा चढायचं ना? चढतो की." नानाला दोघांनी उचलून कडेला ठेवलं.

गणोजीच्या हातात काटा तसाच होता. टोकावर शाई तशीच होती. त्याच्याकडे कुणी पाहत नव्हतं. भागीरथी पाहत होती.

गणोजीने पानाकडे पाहिलं. शाईचं पान. स्वच्छ. ह, मग त्ती. अक्षर खरंच सुरेख आलं होतं.

त्याने काटा खाली नेला, आणि पानाच्या कोपऱ्यात वळणदार सही केली.

मोडक्या शिळेच्या मोठ्या तुकड्यावर त्याला बसवलं. तुकडा टोचत होता, पण गणोजीला टोचण्याची सवय होती.

तिन्हीसांजेला तो घरी आला. डोकं भणभणत होतं. पाच दिवस चहा नव्हता. पाटावर बसला आणि हळूच म्हणाला, "अगं, दार लाव. कुणी बघत नाही. घोटभर चहा टाक."

भागीरथी आतून झाकलेलं ताट घेऊन आली. त्याच्यापुढे ठेवलं. झाकण काढलं. आत यमुनाक्का वेटोळं करून बसली होती.

"हे काय?" गणोजी म्हणाला. "मी काय पाहुणा आहे?"

"एवढे मोठे शिळेवर बसणारे," भागीरथी म्हणाली, "आमच्या घरी आलात हेच पुष्कळ."



"वा, वा म्हणा हो लवकर," यमुनाक्का म्हणाली. "मला अजून तीन घरं करायचीत."

नाना कासव तळ्याकडे निघाला तो अजून चालतोय. त्याच्या पाठीवर तेव्हापासून चौकोन आहेत. नीट बघा तुम्ही कधी. सगळे रिकामे आहेत.

तात्पर्य: चूक करायचीच असेल तर ती शाईने, सुंदर अक्षरात आणि चारचौघांसमोर करावी. म्हणजे मग ती आपल्याला दुरुस्त करावी लागत नाही. बाकीचे सगळे दुरुस्त होतात. घरच्या चहाची सोय मात्र आधी बघून ठेवावी.